कोणाच्या तोंडची स्तुती?



ऑगस्टची २९ तारीख आमच्या घराण्यात गेली कित्येक वर्षे एखाद्या सणासारखी पाळली जाते. ती कधी आव महिन्यात येते, कधी एलुलमध्ये. पण आपल्या पंचांगात तिला काही स्थान नाही. तो मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस. आमचे थोरले काका हॉकीचे वेडे. वेड किती, तर आलिया करताना लोकांनी ज्या पेट्यांतून तांब्याची भांडी आणली, तसल्या एका पेटीत काकांनी वर्तमानपत्रांची कात्रणे भरली. काकूंनी त्याबद्दल त्यांना अजून क्षमा केलेली नाही. त्या दिवशी संध्याकाळी मुले, नातवंडे, आम्ही पुतणे सारे त्यांच्याकडे जमतो, चिवडा-करंज्यांचा समाचार घेतो, आणि मग काका उभे राहून ध्यानचंदांचे मानसन्मान एकेक करून सांगतात. हज्जानने पाराशा वाचावी तशा ठेक्यात सांगतात. एखादे साल चुकले तर आम्ही पुतण्यांनी खालून दुरुस्त करायचे, असा रिवाज आहे.

यादी मोठी आहे आणि खरी आहे. जन्म १९०५, अलाहाबाद. १९२८ साली ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताला हॉकीचे पहिले सुवर्णपदक. पाच सामन्यांत २९ गोल केले, अंगावर एकही घेतला नाही, आणि त्या २९ पैकी १४ एकट्या ध्यानचंदांचे. १९३२ साली लॉस एंजेलिसला दुसरे सुवर्ण. अमेरिकेवर २४ विरुद्ध १ असा विजय, त्यात धाकटे बंधू रूपसिंग यांचे १० आणि ध्यानचंदांचे ८. १९३६ साली बर्लिनला कर्णधार म्हणून तिसरे सुवर्ण. १९५६ साली पद्मभूषण. ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीत निधन आणि पुढच्याच वर्षी टपालाचे तिकीट. २००२ साली दिल्लीच्या राष्ट्रीय क्रीडागाराला त्यांचे नाव. त्यांचा जन्मदिवस हा भारताचा राष्ट्रीय क्रीडा दिन. २०२१ साली देशातल्या सर्वांत मोठ्या क्रीडा पुरस्कारालाही त्यांचेच नाव दिले गेले. यादी इथवर आली की काकांचा आवाज जरा चढतो, कारण २०१४ साली खेळाडूंपैकी पहिले भारतरत्न सचिन तेंडुलकरला मिळाले, ते आधी ध्यानचंदांना मिळायला हवे होते, हे त्यांचे जुने दुखणे आहे. सचिनविषयी त्यांचा राग नाही. "पोरगा चांगला आहे," म्हणतात, "पण रांगेत बाप उभा होता."

आणि शेवटी, मुकुटातला हिरा म्हणून, ते हिटलरची गोष्ट सांगत.

ही गोष्ट आपणापैकी बहुतेकांनी ऐकली असेल. बर्लिनला अंतिम सामन्यात जर्मनीचा धुव्वा उडाला, तेव्हा हिटलरने ध्यानचंदांना बोलावून घेतले. तुझा हुद्दा काय, विचारले. साधा लष्करी जवान आहे हे कळताच म्हणाला, माझ्या देशात ये, तुला मोठा अधिकारी करतो. ध्यानचंदांनी बाणेदारपणे नकार दिला. कोणी सांगतो कर्नलचे पद देऊ केले, कोणी सांगतो फील्ड मार्शलचे. सांगणाऱ्याच्या उत्साहाप्रमाणे बढती मिळते. काकांच्या तोंडून ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकली, आणि खरे सांगायचे तर मीही ती माझ्या मुलांना सांगितली. माझ्या अंगावर दर वेळी काटा येई.

मागे एका वर्षी काकांचा नातू, वय वर्षे पंधरा, इथेच जन्मलेला, मराठी समजणारा पण उत्तर हिब्रूत देणारा, गोष्ट संपल्यावर सहज म्हणाला, "सबा, त्याने बोलावले म्हणून आपण खूश का व्हायचे?"

खोलीत एकदम शांतता झाली. काकू चहाचे कप उचलू लागल्या. पोराने उद्धटपणा केला नव्हता. शाळेत शोआविषयी शिकलेल्या मुलाला जो प्रश्न पडायला हवा, तोच त्याला पडला होता. नवल इतकेच की तो आम्हां मोठ्यांना इतकी वर्षे पडला नाही. आम्ही यहुदी माणसे, यहुदी राज्यात बसून, आमच्या आवडत्या खेळाडूचा सर्वांत मोठा गौरव म्हणून त्या माणसाची शाबासकी मिरवीत होतो!

त्या रात्री मला झोप लागली नाही. दोन प्रश्न उभे राहिले. एक, ही गोष्ट खरी आहे का? दुसरा, खरी असती तरी ती मानाची होती का? पहिला प्रश्न इतिहासाचा आहे, दुसरा नीतीचा. मला वाटते दुसरा अधिक कठीण आहे. परंतु क्रमाने जाऊ.

ध्यानचंदांनी आपली आत्मकथा लिहिली होती. 'गोल' या नावाने ती १९५२ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाली. त्यात बर्लिनची हकिकत आहे. हिटलरने नोकरी देऊ केल्याची नाही. ज्याच्या बाबतीत एवढा प्रसंग घडला, तो माणूस सोळा वर्षांनी स्वतःचे चरित्र लिहिताना तो विसरेल हे संभवत नाही. ज्यांनी पुढे शोध घेतला त्यांनाही त्या काळचा पुरावा सापडलेला नाही. तेव्हा ही गोष्ट कोणा भक्ताने भक्तीच्या भरात रचली आणि मग ती तोंडोतोंडी वाढली, असेच मानावे लागते.

मग खरे काय घडले? माझ्या मते खरे अधिक चांगले आहे. भारताचा संघ बर्लिनला पोचला आणि १७ जुलैला सरावाच्या सामन्यात जर्मनांकडून ४ विरुद्ध १ असा हरला. दोन ऑलिंपिक जिंकलेला संघ, नवा कर्णधार, आणि पहिल्याच घासाला खडा. तिथून तो उभा राहिला. हंगेरीवर ४, अमेरिकेवर ७, जपानवर ९, फ्रान्सवर १० गोल केले आणि एकही अंगावर घेतला नाही. अंतिम सामना १४ ऑगस्टला व्हायचा, तो पावसामुळे १५ तारखेवर गेला. सामन्याआधी कपडे बदलण्याच्या खोलीत पंकज गुप्तांनी काँग्रेसचा तिरंगा काढला, आणि ज्या खेळाडूंना मैदानावर ब्रिटिश हिंदुस्थानच्या नावाने उतरायचे होते त्यांनी बंद दाराआड त्या झेंड्याला वंदन केले. हे मात्र ध्यानचंदांनी स्वतः लिहून ठेवले आहे. मध्यांतरापर्यंत एकच गोल झाला. पुढच्या अर्ध्यात ध्यानचंदांनी बूट काढले आणि भारताने तो सामना ८ विरुद्ध १ असा जिंकला. त्यांचे स्वतःचे गोल तीन. तारीख पुन्हा पाहा, १५ ऑगस्ट. बरोबर अकरा वर्षांनी त्याच तारखेला देश स्वतंत्र झाला. उद्घाटनाच्या संचलनातही भारतीय पथकाने नाझी सलामी दिली नाही, अशी नोंद आहे.

वाचकहो, हे सारे खरे असताना खोट्याची गरज का पडावी? जेवणात मीठ कमी असेल तर माणूस वरून घालतो. इथे तर मीठ पुरेपूर होते.

आता कोणी म्हणेल, एवढे काय बिघडले? मेलेल्या माणसाची थोडी वाढवून स्तुती केली तर कोणाचे नुकसान? या प्रश्नावर आपल्या धर्मशास्त्राने विचार केलेला आहे आणि तो मला फार समंजस वाटतो. शुल्हान आरुखमध्ये मृताच्या गुणगौरवाविषयी नियम आहे. त्याचा मथितार्थ असा: मेलेल्याचे गुण सांगावेत, किंबहुना त्यांत किंचित भर घालायलाही मुभा आहे, परंतु मर्यादा सोडून स्तुती करू नये, आणि जो गुण अंगी मुळीच नव्हता तो चिकटवू नये. शास्त्रकारांना माणसाचे मन ठाऊक होते. प्रेम करणारा माणूस तराजू घेऊन बोलत नाही, म्हणून त्यांनी किंचित भर माफ केली. पण किंचित भर आणि नवी रचना यांत त्यांनी रेघ ओढली.

उदाहरण घ्या. ध्यानचंदांचे मूळ नाव ध्यानसिंग. फौजेत ते दिवसाचे काम आटोपून चांदण्यात सराव करीत, म्हणून त्यांना सोबती 'चंद' म्हणू लागले, असे सांगतात. आता दर रात्री चांदणे असतेच असे नाही, हे आपल्याला कळते. पण मेहनत खरी होती आणि चांदणे ही तिच्यावरची किंचित भर. ती माफ. हिटलरची गोष्ट तशी नव्हे. तिथे जो साक्षीदार कधी बोललाच नाही त्याच्या तोंडी शब्द घातले आहेत. दहा आज्ञांतली नववी आज्ञा खोट्या साक्षीविषयी आहे. आपण समजतो की ती केवळ दुसऱ्याचे वाईट करणाऱ्या साक्षीविषयी आहे. परंतु बाजूने दिलेली खोटी साक्ष ही देखील खोटीच, आणि ज्याच्या बाजूने दिली त्याचेच ती शेवटी नुकसान करते. खोटे उघडे पडले की ऐकणारा विचारतो, मग ते २९ गोल तरी खरे का?

आता दुसरा प्रश्न, जो त्या पोराने विचारला. समजा, हिटलरने खरोखर स्तुती केली असती. मग ती मानाची होती का?

मान म्हणजे नाणे नव्हे, की कोणाच्याही हातून आले तरी त्याची किंमत तीच. मानाची किंमत देणाऱ्यावर ठरते. गावातला सावकार ज्याला भला माणूस म्हणतो त्याच्याविषयी कुळांना शंका येते. जुलमी माणसाने पाठ थोपटली तर शहाण्याने पाठीवर काय चिकटले ते पाहावे. त्याच १९३६ सालातले दुसऱ्या बाजूचे उदाहरण देतो, कारण ते आपल्या लोकांचे आहे आणि ते इथे, या देशात येऊन पुरे झाले.

ज्युडिथ डॉइच ही व्हिएन्नाची यहुदी मुलगी, हाकोआ संस्थेची जलतरणपटू. १९३५ साली ऑस्ट्रियाच्या अव्वल खेळाडूंत तिची गणना झाली. बर्लिन ऑलिंपिकसाठी तिची निवड झाली आणि तिने नकार दिला; तिच्या दोन यहुदी जोडीदारणींनीही दिला. यहुद्यांचा छळ करणाऱ्यांच्या अंगणात आम्ही पोहणार नाही, ही त्यांची भूमिका होती. शिक्षा म्हणून तिच्यावर बंदी आली आणि तिचे विक्रम व किताब काढून घेण्यात आले. ती त्याच सुमारास इथे आली, इथे पोहली, इथेच विजेती ठरली आणि संसारही इथेच केला. १९९५ साली ऑस्ट्रियाने बंदी उठवून तिचे किताब परत केले, तेही इथे येऊन. २००४ साली ती वारली. जर्मनीच्या ग्रेटेल बर्गमनचेही असेच. उंच उडीत १.६० मीटरचा राष्ट्रीय विक्रम गाठलेली ही मुलगी यहुदी म्हणून संघाबाहेर ठेवली गेली, तिचा विक्रम नोंदीतून वगळला गेला, आणि तो २००९ साली पुन्हा नोंदला गेला. २०१७ साली, वयाच्या १०३ व्या वर्षी, ती अमेरिकेत निवर्तली.

आता सांगा, १९३६ ते १९९५ या एकोणसाठ वर्षांत ज्युडिथ डॉइचची योग्यता कमी झाली होती का? मुळीच नाही. ज्यांनी किताब काढून घेतले त्यांची कमी झाली होती, आणि परत देऊन त्यांनी स्वतःची थोडी भरून काढली. काढून घेणारा जर तिला लहान करू शकला नाही, तर देणारा ध्यानचंदांना मोठा कसा करील? मग हिटलरची शाबासकी आपण उसनी कशाला आणावी?

मला याचे उत्तर असे वाटते. ज्यांच्यावर फार काळ दुसऱ्याने राज्य केले, त्यांना आपल्या मोठेपणावर दुसऱ्याचा शिक्का लागतो. घरचे म्हणाले चांगला खेळतो, तर ते घरचेच. परदेशचा सत्ताधीश म्हणाला, तर ते पक्के. ज्याने ही गोष्ट प्रथम सांगितली त्याला हिटलर आवडत होता असे मी म्हणत नाही. त्याला फक्त एक मोठा शिक्का हवा होता, आणि तो कोणाच्या हातातला हे त्याने पाहिले नाही.

आपण बेने इस्राएल लोकांनी तरी हे समजून घेतले पाहिजे. शिक्का मागणे म्हणजे काय ते आपल्याला कोणी शिकवायला नको. १९६४ सालच्या उन्हाळ्यात आपल्या माणसांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, ते कशासाठी? आम्हांला यहुदी असल्याचा दाखला द्या, म्हणून नव्हे. आमच्याकडे दाखला मागू नका, म्हणून. शेकडो वर्षे कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या माणसांना दाखल्याची गरज नव्हती. या दोन मागण्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि ते अंतर ज्यांनी त्या वेळी ओळखले त्यांच्यामुळे आपण आज ताठ मानेने बसलो आहोत.

हे सारे मी काकांना सांगायला गेलो. पोराच्या प्रश्नानंतर ते आठवडाभर कोणाशी बोलले नव्हते. त्यांनी सर्व ऐकून घेतले. मग दोन आक्षेप घेतले, आणि दोन्ही वजनदार होते.

पहिला असा. "अरे, पुरावा पुरावा काय करतोस? नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, याचा तरी कागद कोणाकडे आहे? उद्या तेही सांगायचे बंद करशील?"

मी गप्प बसलो, कारण उत्तर लगेच सुचले नाही. पुष्कळ विचाराअंती मला असे दिसते: नवगावची कथा आपण परंपरा म्हणून सांगतो, परंपरा म्हणून ऐकतो. पूर्वज सांगत आले, म्हणून आपण सांगतो. आकडा मोजून घेतला आहे असा आपला दावा नाही. आणि त्या कथेत आपण कोणाची शाबासकी उसनी घेतलेली नाही. उलट, सर्वस्व गमावून, बुडालेल्यांना पुरून, परक्या किनाऱ्यावर उभे राहिलेल्यांची ती कथा आहे. तीत बढाई नाही. शिवाय तिच्या विरुद्ध जाणारे दुसरे काही आपल्याला ठाऊक नाही. ध्यानचंदांच्या बाबतीत त्यांच्या स्वतःच्या हातचे पुस्तक आहे. जिथे माणूस स्वतः बोलला आहे, तिथे त्याच्या शब्दांपुढे आपली कथा ढकलणे हा त्याचा मान नव्हे.

दुसरा आक्षेप त्यांनी हळू आवाजात घेतला. "ही गोष्ट मला माझ्या बापाने सांगितली. ग्रँट रोडच्या खोलीत, कंदिलाच्या उजेडात. मग माझा बाप खोटे बोलला, असे तुझे म्हणणे?"

तेव्हा मला कळले की काका आठवडाभर हिटलरविषयी विचार करीत नव्हते, ध्यानचंदांविषयीही नाही. पाचवी आज्ञा नवव्या आज्ञेसमोर येऊन उभी राहिली होती. आईबापांचा मान राखावा, की खोटी साक्ष टाळावी?

शास्त्राने इथेही माणसाला वाऱ्यावर सोडलेले नाही. बाप धर्माविरुद्ध काही करताना दिसला तर मुलाने 'तुम्ही चुकलात' असे तोंडावर म्हणू नये. 'बाबा, शास्त्रात असे असे आहे ना?' असे विचारावे, असा नियम आहे. सत्य सोडायचे नाही आणि बापाची मान खाली घालायची नाही. मी काकांना म्हटले, "आजोबा खोटे बोलले नाहीत. त्यांनी जे ऐकले ते विश्वासाने तुमच्या ओंजळीत घातले. ज्याला ठाऊक नाही तो सांगतो ती चूक. ज्याला ठाऊक आहे आणि तरी सांगतो ते खोटे. आजोबांना ठाऊक नव्हते. आता तुम्हांला आणि मला ठाऊक आहे." काका काही बोलले नाहीत. खिडकीबाहेर पाहत राहिले. काकूंनी आम्हां दोघांना चहा दिला.

माझ्या मते चाहत्याचे कर्तव्य इथेच आहे. चाहता म्हणजे कर्जदार. खेळाडूने आपल्याला आनंद दिला, अभिमान दिला. आपण त्याची फेड करतो ती आठवण ठेवून. ध्यानचंदांना आता कोणत्याही पदकाने काही मिळायचे नाही. टपालाचे तिकीट त्यांनी पाहिले नाही, क्रीडागारावरचे नाव त्यांनी वाचले नाही. भारतरत्न मिळो वा न मिळो, १९२८ चे १४ गोल पंधरा होणार नाहीत आणि तेराही होणार नाहीत. मरणोत्तर मान हा जिवंतांचा हिशेब आहे. म्हणूनच तो चोख असायला हवा. खोट्या नाण्याने कर्ज फिटत नाही, मग ते कितीही चकाकणारे असो.

पुढल्या २९ ऑगस्टला आम्ही पुन्हा जमलो. चिवडा होता, करंज्या होत्या. काकांनी यादी सुरू केली. १९२८ झाले, १९३२ झाले, १९३६ आले. काका क्षणभर थांबले. मग त्यांनी सरावाच्या सामन्यातला पराभव सांगितला, जो त्यांनी आम्हांला कधीच सांगितला नव्हता. मग बंद दाराआडचा तिरंगा सांगितला. मग आठ गोल. आणि मग सरळ पद्मभूषणावर गेले.

नातू माझ्याकडे पाहत होता, पण बोलला नाही. शेवटी काकाच त्याला म्हणाले, "काही राहिले का रे?"

"नाही, सबा," तो म्हणाला. या वेळी मराठीत.